संगणक-शंकासमाधान : एक इमेज, अनेक संगणक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयावरची आहेत. पाच-दहा किंवा पन्नास संगणकांवर विंडोज अथवा लिनक्स टाकायचे असते. प्रत्येक संगणकावर तेच प्रश्न, तीच उत्तरे, नंतर तेच ड्रायव्हर आणि तेच सॉफ्टवेअर यांत दिवसच्या दिवस जातात. त्याऐवजी आपल्या गरजेप्रमाणे घडवलेली एकच इन्स्टॉलेशन इमेज, म्हणजे सर्व फाइली व सेटिंग्ज साठवलेली एकच मोठी फाइल, तयार करून ठेवावी, असे वाटणे स्वाभाविक आहे आणि योग्यही आहे. त्यामुळे या वेळचे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले असून सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात एकाच मॉडेलचे ३० संगणक आहेत. मी एका संगणकावर विंडोज ११ आणि लागणारे सर्व सॉफ्टवेअर नीट बसवले व त्या डिस्कची हुबेहूब प्रत उरलेल्या २९ संगणकांवर उतरवली. आता सर्व संगणकांचे नाव एकच आहे आणि अपडेट पुरवणाऱ्या आमच्या सर्व्हरच्या यादीत तीसऐवजी एकच संगणक दिसतो. माझे काय चुकले?

उत्तर : प्रत काढण्यात चूक नव्हती, प्रत काढण्यापूर्वी मूळ संगणकाची ओळख पुसायची राहिली. विंडोज बसवली जाते तेव्हा ती त्या संगणकासाठी काही खुणा स्वतःच तयार करते. संगणकाचे नाव ही त्यांतील डोळ्यांना दिसणारी खूण. सुरक्षेसाठी वापरला जाणारा एसआयडी हा क्रमांक आणि अपडेट सेवेने घेतलेला ओळखक्रमांक या आत दडलेल्या खुणा. तुमचा अपडेट सर्व्हर या शेवटच्या क्रमांकावरून संगणक ओळखतो. तीसही संगणक एकच क्रमांक सांगत असल्याने जो सर्वांत शेवटी संपर्क साधतो, त्याचीच नोंद आधीच्या नोंदीवर लिहिली जाते आणि यादीत कायम एकच ओळ उरते.

या खुणा पुसण्याचे साधन विंडोजबरोबरच येते. त्याचे नाव सिसप्रेप. सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरात सिस्टिम३२ आणि त्यात सिसप्रेप या नावाचा फोल्डर आहे, तिथे ते सापडेल. ते चालवताना 'जनरलाइझ' हा पर्याय निवडावा, पुढच्या वेळी प्रथम-वापराचा पडदा यावा म्हणून 'ओओबीई' निवडावे आणि काम संपल्यावर संगणक बंद व्हावा म्हणून 'शटडाऊन' निवडावे. संगणक बंद झाल्यावर तो पुन्हा स्वतःच्या डिस्कवरून सुरू करू नये, हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण उत्सुकतेपोटी बटण दाबले जाते, नव्या खुणा लगेच तयार होतात आणि केलेली सर्व तयारी वाया जाते. विंडोज पीई (पेनड्राइव्हवरूनच चालणारी छोटी विंडोज) असलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि डिझम या कमांडच्या साहाय्याने त्या पार्टिशनची इमेज दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावी. ही इमेज 'विम' प्रकारची असते. डिस्कचा तुकडा न् तुकडा उचलण्याऐवजी ती फाइलींची नोंद ठेवते, त्यामुळे लहान-मोठ्या कोणत्याही डिस्कवर ती उतरवता येते.

सॉफ्टवेअर बसवण्याची जागाही बदलायला हवी. विंडोज प्रथम सुरू होऊन देश निवडायला सांगते, त्या पडद्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ या तीन कळा एकत्र दाबाव्यात. संगणक पुन्हा सुरू होऊन ऑडिट मोडमध्ये जातो, जिथे कोणाचेही खाते न उघडता सॉफ्टवेअर बसवता येते. अशा तऱ्हेने केलेल्या इमेजमध्ये तयारी करणाऱ्याचे खाते, त्याचा इतिहास, त्याचे पासवर्ड यांतले काहीच मागे राहत नाही.

या वाटेवर एक अडथळा जवळजवळ सर्वांना भेटतो, म्हणून तो तपशिलाने सांगतो. सिसप्रेप सुरू होते, काही क्षण फिरते आणि विंडोजचे इन्स्टॉलेशन तपासता आले नाही, असा मोघम संदेश देऊन थांबते. पहिल्यांदा माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी एक अख्खी दुपार विंडोज पुन्हा बसवण्यात घालवली आणि संध्याकाळी तोच संदेश पुन्हा समोर आला. खरे कारण त्याच सिसप्रेप फोल्डरातील पँथर या फोल्डरात, सेटअपॲक्ट नावाच्या लॉग फाइलच्या अखेरीस लिहिलेले होते : अमुक एक ॲप एका वापरकर्त्यासाठी बसवलेले आहे, पण सर्वांसाठी उपलब्ध केलेले नाही. तयारी चालू असताना इंटरनेट जोडलेले होते, स्टोअरने मागच्या मागे काही ॲप अपडेट केली आणि त्या एकाच खात्यापुरती नवी आवृत्ती बसली. लॉगमध्ये नाव आलेले ॲप पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या खिडकीतून काढून टाकले की सिसप्रेप पुढे जाते. त्याहून उत्तम म्हणजे ऑडिट मोडमध्ये असेपर्यंत नेटवर्कची वायर काढूनच ठेवावी.

काही जाणकार तुम्हाला सांगतील की, एसआयडी सारखा असल्याने काही बिघडत नाही. या म्हणण्याला आधार होता. मायक्रोसॉफ्टमधील मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये एसआयडी बदलणारे न्यूएसआयडी हे स्वतःचेच साधन मागे घेतले आणि सारख्या एसआयडीमुळे प्रत्यक्ष अडचण येते असे आपल्याला कुठे आढळले नाही, असे मांडले. तेव्हाही मायक्रोसॉफ्टचा नियम सिसप्रेप वापरण्याचाच होता. पुढे २०२५ च्या उत्तरार्धातील अपडेटांपासून विंडोज एसआयडीची अधिक काटेकोर तपासणी करू लागली आणि सारखा एसआयडी असलेल्या संगणकांना नेटवर्कवर एकमेकांकडे ओळख पटवता येईनाशी झाली. जुना वाद त्यामुळे निकालात निघाला आहे.

तुमच्या तीस संगणकांपुरते सांगायचे, तर एकेकाची डागडुजी करण्यापेक्षा मुलांच्या फाइली बाजूला काढून घ्या आणि योग्य इमेज नव्याने उतरवा. त्याआधी लायसन्स पाहून घ्या : अशी इमेज करून अनेक संगणकांवर टाकण्याचा हक्क व्हॉल्यूम लायसन्सबरोबर (संस्थांनी अनेक संगणकांसाठी एकत्र घेतलेला परवाना) मिळतो, संगणकाबरोबर विकत आलेल्या विंडोजच्या लायसन्समध्ये तो नसतो.

प्रश्न : जुन्या संगणकांवर उत्तम चालणारी माझी इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह नव्या लॅपटॉपवर सुरू होते, पण विंडोज कुठे बसवायची हे विचारणाऱ्या पडद्यावर डिस्कची यादी रिकामीच दिसते. मी इमेजमध्ये लॅपटॉपचे सर्व ड्रायव्हर आधीच घातले आहेत.

उत्तर : ड्रायव्हर तुम्ही घातलेत, पण बहुधा दोनपैकी एकाच ठिकाणी. विंडोजच्या पेनड्राइव्हवर सोर्सेस या फोल्डरात दोन महत्त्वाच्या इमेज असतात. इन्स्टॉल डॉट विम ही डिस्कवर उतरणारी खरी विंडोज. बूट डॉट विम ही पेनड्राइव्हवरून चालू होऊन तुम्हाला प्रश्न विचारणारी छोटी विंडोज. डिस्क शोधण्याचे काम ही छोटी विंडोज करते. तिच्याकडे ड्रायव्हर नसेल, तर मोठीच्या पोटात तो असून उपयोग नाही.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी या नियंत्रकामागे असते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या मूळ पेनड्राइव्हवर अनेकदा नसतो, म्हणून यादी रिकामी दिसते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, व्हीएमडी बंद केले की डिस्क दिसू लागते, परंतु शंभर लॅपटॉप असतील तर शंभर वेळा बायोसमध्ये शिरण्यापेक्षा इमेज दुरुस्त करणे शहाणपणाचे. ही अडचण नवी नाही; विंडोज ७ च्या मूळ माध्यमात यूएसबी ३ चे ड्रायव्हर नव्हते, त्यामुळे २०१५ च्या सुमारास आलेल्या अनेक संगणकांवर इन्स्टॉलेशन सुरू होई आणि पहिल्याच पडद्यावर माऊस व कीबोर्ड निष्प्राण होत. उपाय तेव्हाही हाच होता.

पद्धत अशी : बूट डॉट विममध्ये दोन इमेज असतात व इन्स्टॉलेशनचा पडदा दुसऱ्या क्रमांकाच्या इमेजमधून येतो, म्हणून डिझमने तो दुसरा क्रमांक एका रिकाम्या फोल्डरवर माउंट करावा, म्हणजे फोल्डरासारखा उघडावा. ॲड-ड्रायव्हर ही आज्ञा देऊन आयएनएफ फाइली (ड्रायव्हर कसा बसवायचा हे सांगणाऱ्या) असलेला फोल्डर दाखवावा. सोबत रिकर्स लिहिले की आतल्या सर्व उपफोल्डरांतील ड्रायव्हरही घेतले जातात. शेवटी अनमाउंट करताना कमिट लिहावे. कमिटऐवजी डिसकार्ड लिहिले गेले, तर केलेला बदल काहीही न बोलता फेकला जातो. ड्रायव्हर आयएनएफ स्वरूपात लागतात. सेटअपची ईएक्सई फाइल चालणार नाही, ती आधी उलगडावी लागते. एखाद्या लॅपटॉपवर सर्व काही नीट चालत असेल, तर त्याचे ड्रायव्हर डिझमच्याच एक्स्पोर्ट-ड्रायव्हर या आज्ञेने थेट बाहेर काढता येतात. मी बहुतेक वेळा हाच मार्ग वापरतो.

साठवणीचे आणि नेटवर्कचे ड्रायव्हर बूट डॉट विममध्ये आणि इन्स्टॉल डॉट विममध्येही घालावेत. ध्वनी, ग्राफिक्स, बोटांचे ठसे यांचे ड्रायव्हर छोट्या विंडोजमध्ये भरू नयेत. ती पूर्णपणे मेमरीत चढून चालते आणि विनाकारण जड होते.

प्रश्न : तयार झालेली इन्स्टॉल डॉट विम फाइल पेनड्राइव्हवर कॉपीच होत नाही. पेनड्राइव्ह ३२ जीबीची आहे आणि रिकामी आहे.

उत्तर : पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली असणार, त्या पद्धतीत कोणतीही एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. एनटीएफएस केले तर फाइल मावेल, पण यूईएफआय (बायोसची नवी पिढी) असलेले सर्वच संगणक एनटीएफएसवरून सुरू होतील याची खात्री नसते. म्हणून एफएटी३२ ठेवावे आणि डिझमच्या स्प्लिट-इमेज या आज्ञेने फाइलचे ३८०० एमबीचे तुकडे करावेत. त्यांच्या फाइलनावाच्या शेवटी एसडब्ल्यूएम हे आडनाव लागते, आणि सेटअप ते तुकडे आपणहून ओळखतो.

प्रश्न : प्रश्न न विचारता विंडोज बसावी म्हणून मी उत्तरांची एक्सएमएल फाइल केली आहे. तिच्यात प्रशासकाचा पासवर्ड आहे, पण तो वाचता न येण्यासारख्या अक्षरांत दिसतो. तो सुरक्षित आहे ना?

उत्तर : नाही. ती अक्षरे कूटबद्ध केलेली नाहीत. ते केवळ बेस६४ या पद्धतीने केलेले लेखन आहे आणि कोणालाही ते क्षणात मूळ रूपात आणता येते. पेनड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल, त्याच्या हाती पासवर्ड पडला असे समजावे. फाइलमध्ये तात्पुरता पासवर्ड ठेवावा आणि संगणक वापरात देण्यापूर्वी तो प्रत्येक संगणकावर वेगळा करावा.

तुम्ही विचारले नाही, तरी या फाइलविषयी मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ऑटोअनअटेंड या नावाची फाइल पेनड्राइव्हच्या मुळाशी असली की सेटअप ती न विचारता वाचतो. तिच्यात डिस्क पुसण्याची सूचना लिहिलेली असेल, तर ती पेनड्राइव्ह चुकून दुसऱ्याच संगणकाला लावून सुरू केल्यावर त्यावरील सर्व काही एकही प्रश्न न येता नाहीसे होते. दोन डिस्क असलेल्या संगणकात 'डिस्क शून्य' म्हणजे नेहमी तुमच्या मनातलीच डिस्क असेल असेही नाही. एका कार्यालयात माझ्या डोळ्यांदेखत असा प्रसंग घडला. हिशेबाचा संगणक दुरुस्तीसाठी टेबलावर आणलेला होता, आदल्या दिवशीची पेनड्राइव्ह त्याच्या मागच्या बाजूला तशीच राहिली होती, आणि तो सुरू करून सर्वजण बोलत बसले असताना पडद्यावर फाइली उतरत असल्याची टक्केवारी दिसू लागली. तेव्हापासून भाषा, खाते, नाव, वेळ यांची उत्तरे मी फाइलमध्ये लिहितो आणि डिस्कची निवड मात्र माणसाकडेच ठेवतो. फाइलमधील तो भाग गाळला की सेटअप तेवढा एकच प्रश्न विचारून थांबतो. प्रत्येक संगणकामागे अर्धा मिनिट जास्त जातो, तो जाऊ द्यावा.

प्रश्न : आम्ही उबंटू वापरतो. एका आभासी संगणकाच्या प्रती काढून दहा संगणक केले. त्यांची नावे वेगळी ठेवली आणि नेटवर्क कार्डांचे मॅक पत्तेही वेगळे आहेत, तरीही दोन-तीन संगणकांना राउटर एकच आयपी पत्ता देतो. लिनक्समध्ये सिसप्रेपसारखे काही आहे का?

उत्तर : पहिल्या पत्रातीलच दुखणे इथे दुसऱ्या रूपात आले आहे. ईटीसी फोल्डरात मशीन-आयडी नावाची एका ओळीची फाइल असते. सिस्टिमडी या लिनक्समधील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची नेटवर्क सेवा पत्ता मागताना मॅक पत्त्याऐवजी या फाइलवरून तयार केलेली ओळख पुढे करते, त्यामुळे मॅक वेगळा असूनही राउटरच्या लेखी हे सर्व एकच संगणक ठरतात. इमेज काढण्यापूर्वी ही फाइल रिकामी करावी. ती पुसून न टाकता शून्य लांबीची ठेवावी; पुढच्या वेळी सुरू होताना नवी ओळख आपोआप तयार होते.

दुसरी खूण एसएसएचच्या (दुरून संगणकात शिरण्याच्या सोयीच्या) होस्ट कळांची, म्हणजे संगणकाची ओळख पटवणाऱ्या कळांची. त्या सर्व प्रतींत सारख्याच राहिल्या, तर एका संगणकाची खासगी कळ हाती आलेला माणूस उरलेल्या नऊ संगणकांचे सोंग घेऊ शकतो. त्या काढून टाकाव्यात, पण इथे एक फरक लक्षात ठेवावा : रेड हॅटच्या घराण्यात नव्या कळा सेवा सुरू होताना आपोआप तयार होतात, डेबियनच्या घराण्यात तसे होत नाही. तिथे एसएसएच-कीजेन ही आज्ञा मोठ्या ए या पर्यायासह पहिल्या सुरुवातीला चालेल अशी व्यवस्था करावी किंवा ते काम क्लाउड-इनिट या पहिल्या सुरुवातीची कामे करणाऱ्या साधनाकडे सोपवावे. असे न केल्यास संगणक सुरू होईल आणि दुरून मात्र त्यात शिरता येणार नाही.

तथापि माझा सल्ला असा की, लिनक्समध्ये प्रत काढण्याच्या वाटेलाच शक्यतो जाऊ नये. डेबियनमध्ये प्रीसीड, रेड हॅट व फेडोरामध्ये किकस्टार्ट, उबंटूच्या सर्व्हर आवृत्तीत २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल अशी उत्तरे लिहून देण्याची सोय आहे, आणि ही फाइल कोऱ्या पानापासून लिहावी लागत नाही. एकदा हाताने इन्स्टॉलेशन केले की रेड हॅट तुमच्या सर्व उत्तरांची किकस्टार्ट फाइल रूटच्या फोल्डरात ॲनाकोंडा-केएस या नावाने ठेवून देते; उबंटूही अशी नोंद इन्स्टॉलरच्या लॉगच्या फोल्डरात ठेवते. तीच घ्यावी, वाचावी आणि हवे ते बदलावे. अशा फाइलमधून उभा राहणारा प्रत्येक संगणक जन्मतःच वेगळा असतो, त्यामुळे पुसण्यासारखे काही उरतच नाही.

प्रश्न : इंटरनेटवर नको ते भाग काढून टाकलेली, हलकी केलेली विंडोजची तयार आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची एकच फाइल) मिळते. ती वापरली तर चालेल का?

उत्तर : वापरू नये. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच शिरलेले काही असेल, तर तिच्यावर नंतर बसवलेला अँटिव्हायरस त्याला पकडेलच असे नाही. २०२३ मध्ये डॉक्टर वेब या कंपनीला टोरेंटवर फिरणाऱ्या विंडोज १० च्या अशाच चोरट्या इमेजमध्ये क्रिप्टो चलनाचे पत्ते बदलणारा ट्रोजन सापडला. तो स्वतःचा भाग संगणक सुरू करून देणाऱ्या ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवत असे, जिथे सहसा कोणी पाहत नाही. हलकी विंडोज हवी असेल, तर मायक्रोसॉफ्टकडून मूळ आयएसओ घ्यावी, तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण) जुळवून पाहावा आणि नको असलेली ॲप डिझमने स्वतः काढावीत. ॲप काढण्यावर थांबावे. विंडोजचे आतले घटक उखडले, तर पुढे कधीतरी मासिक अपडेट बसायला नकार देते आणि त्याचे कारण शोधणे फार कठीण जाते.

प्रश्न : इमेजमध्ये नेमके काय काय भरावे आणि ती किती दिवसांनी नवी करावी? आमची इमेज दोन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने केली होती. ते आता इथे नाहीत आणि तिच्यात काय बदल केले आहेत हे कोणालाच माहीत नाही.

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचून मला वाईट वाटले, कारण ही स्थिती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. जी इमेज कशी तयार केली हे लिहून ठेवलेले नाही, ती चालत असली तरी निकामी समजावी. तिच्यात दुरुस्ती करता येत नाही, तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही, आणि ती टाकून द्यायचीही भीती वाटते. तिच्यातील ड्रायव्हर व सेटिंग्ज यांची नोंद करून घ्या आणि नवी इमेज मूळ आयएसओपासून सुरू करा.

काय भरावे याचा माझा नियम साधा आहे. जे वर्षभर बदलणार नाही ते इमेजमध्ये. जे महिन्याला बदलते ते इमेजबाहेर. फाँट, मराठी कीबोर्ड, भाषेचे संच, साठवणीचे व नेटवर्कचे ड्रायव्हर, संस्थेची ठरलेली सेटिंग्ज हे आत असावे. ब्राउझर, अँटिव्हायरस, बैठकांची सॉफ्टवेअर यांच्या आवृत्त्या इमेज तयार होता होताच जुन्या होतात. ती इन्स्टॉलेशननंतर एका स्क्रिप्टने बसवावीत. सर्व काही आत भरलेली इमेज पहिल्या दिवशी फार सोयीची वाटते, पण एका सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की सगळी इमेज नव्याने काढावी लागते, आणि मग ती काढायची राहूनच जाते.

अपडेट दर तीन महिन्यांनी घालावेत, असे मी सुचवीन. विंडोजचे मासिक अपडेट आधीच्या सर्व अपडेटांना पोटात घेते, त्यामुळे सर्व महिने एकामागून एक घालत बसण्याची गरज नसते. अपडेट घातल्यावर फाइल मोठी होते. जुने घटक स्वच्छ करूनही तिचा आकार कमी झालेला दिसत नाही आणि स्वच्छता झालीच नाही असा समज होतो. विम फाइल आतली रिकामी झालेली जागा आपणहून सोडत नाही. एक्स्पोर्ट-इमेज या आज्ञेने तिची नव्या फाइलमध्ये प्रत काढली की मोकळी झालेली जागा गळून पडते.

बदल नेहमी जुन्या इमेजवर न करता मूळ आयएसओवर करावेत आणि सर्व आज्ञा एका स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवाव्यात. प्रत्येक ओळीवर ती का लिहिली याचे एक वाक्य असावे. तुमच्या सहकाऱ्याने अशी फाइल ठेवली असती, तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. इमेज तयार झाली की तिचा एसएचए-२५६ आकडा त्याच फाइलच्या शेजारी लिहून ठेवा, आणि इमेजच्या आत सी ड्राइव्हवर एक छोटी मजकूर फाइल ठेवा, जिच्यात इमेजची तारीख व स्क्रिप्टचा आवृत्ती क्रमांक असेल. दोन वर्षांनी एखादा संगणक बिघडून टेबलावर येईल, तेव्हा तो कोणत्या इमेजमधून उभा राहिला होता हे ती फाइल उघडताच कळेल.